पडद्यावरचं बी कुजत नाही

हल्ली गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं रंगवलेलं दिसतं. आमच्या शाळेवरही आहे. वाचून बरं वाटतं. पण पोराचं लक्ष धरून ठेवणं आणि पोराला शिकवणं ह्या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न त्या रंगाखाली तसाच राहतो. मी सांगोल्याकडचा शेतकरी, शिक्षण दहावीपर्यंत. शिक्षणशास्त्र मला कळत नाही. पण नातवंडांमुळं शाळा व्यवस्थापन समितीवर बसलो आणि आमच्या गुरुजींनी हा प्रश्न माझ्यापुढं मांडला. तेव्हापासून तो डोक्यातनं जात नाही.

गुरुजींनी लोकवर्गणी गोळा करून प्रोजेक्टर आणला होता. कुणी पाचशे दिले, कुणी ज्वारीचं पोतं विकून दिले. पहिले काही महिने शाळेत जत्रा भरल्यासारखं झालं. दुपारच्या खिचडीनंतर दप्तर टाकून पळणारी पोरं पळायची थांबली. शेळ्यांमागं जाणारा एक पोरगा रोज यायला लागला. गाव खूश, साहेब खूश. गुरुजी मात्र एका संध्याकाळी बांधावर बसून म्हणाले, "आबा, पोरं आता नजर हलवत नाहीत. पण मी पडदा बंद केला की त्यांच्याजवळ काय उरतं, तेच मला समजंना झालंय."

त्यांनी सांगितलेली हकिकत अशी. वर्गात बी रुजण्याची चित्रफीत लावली. चार दिवसांचं काम मिनिटभरात. बी फुगलं, फुटलं, मूळ खाली गेलं, कोंब वर आला, मागं गाणं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, आधी मूळ येतं का कोंब? निम्म्या वर्गानं गाणं म्हणून दाखवलं. बाकीचे म्हणाले, "गुरुजी, परत लावा की!"

मग गुरुजींनी घरनं हरभरे आणायला सांगितले. कुणी ओल्या फडक्यात बांधले, कुणी चहाच्या कपात माती घालून पेरले. कुणाचे उगवले. एका पोरीनं हौसेपोटी इतकं पाणी घातलं की तिचे सगळे हरभरे कुजले, वास यायला लागला. ती रडकुंडीला आली आणि म्हणाली, "गुरुजी, माझंच का कुजलं? मी तर सगळ्यांपेक्षा जास्त पाणी घातलं."

गुरुजी म्हणाले, "आबा, सबंध वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता. आणि तो पडद्यानं नाही काढला, कुजलेल्या हरभऱ्यानं काढला."

मी म्हणालो, "गुरुजी, पडद्यावरचं बी कुजत न्हाई. तिथंच सगळी मेख हाय."

आता कुणी म्हणेल, म्हातारा यंत्राच्या विरोधात बोलतोय. तसं नाही. माझ्या डाळिंबाला ठिबक आहे, खिशात फोन आहे, बाजारभाव मी त्यावरच बघतो. आणि आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. रणजितसिंह डिसले गुरुजींनी तिथल्या शाळेत पुस्तकावर क्यूआर कोड लावले. त्यामागं कविता, गोष्टी, व्हिडिओ, गृहपाठ ठेवले. पोरांच्या घरची बोली कन्नड, म्हणून ते कन्नड शिकले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. लोकांना कोड लक्षात राहिला. मला ते कन्नड शिकले हे जास्त मोठं वाटतं. कोड हे दार आहे. पण दाराच्या आत पोराच्या भाषेत बोलणारं माणूस पाहिजे.

ही गोष्ट काही आजची नाही. १९७५-७६ साली, मी शाळेत होतो तेव्हा, शेजारच्या कर्नाटकासह सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरनं टीव्ही दाखवण्याचा प्रयोग झाला. त्याला 'साइट' म्हणत. सकाळी शाळेच्या पोरांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी आमच्यासारख्या शेतकऱ्यांसाठी. उपग्रह अमेरिकेचा, एका वर्षाच्या बोलीवर घेतलेला. वर्ष भरलं, उपग्रह गेला. पण त्याच वर्षात त्याच टीव्हीवरनं हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं याचंही प्रशिक्षण दिलं होतं. उसनवारीचं यंत्र परत जातं. मास्तराच्या डोक्यात जे गेलं ते गावात राहतं.

डाळिंब लावणाऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. बहार धरायचा असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो. पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात. नवख्या माणसाचा जीव वरखाली होतो, त्याला वाटतं झाड गेलं. मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडलं की कळी निघते. बारा महिने पाणी चालू ठेवलं तर झाड हिरवंगार दिसतं, येणारा-जाणारा 'वा' म्हणतो, आणि फळाच्या नावानं बोंब. पोराच्या डोक्याचंही असंच असावं. उत्तर लगेच मिळालं नाही, थोडं अडलं, थोडा कंटाळा आला, की आतनं काहीतरी फुटतं. पडदा तो ताणच बसू देत नाही. पोर हिरवंगार दिसतं एवढंच.

पण ताण म्हणजे छळ नव्हे. हलक्या रानात ताण जास्त झाला तर झाड जळतं. आमच्या वेळी छडीच्या धाकानं किती पोरं शाळा सोडून गुरांमागं गेली, ते मी पाहिलंय. ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. शेळ्यांमागचा तो पोरगा पडद्यामुळंच शाळेत आला, हे खरंच आहे. तेवढं श्रेय यंत्राला दिलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट हक्काची. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. आमच्या वस्तीवर एका घरात एकच फोन. तो बापाबरोबर बाजारात जायचा. संध्याकाळी आला की आधी भावाच्या हातात, मग चार्जिंगला. पोरीच्या वाट्याला रात्री दहाला यायचा, तोवर ती भाकरी-भांडी करून पेंगायला लागलेली. मग गुरुजी मोटारसायकलवर वस्तीवस्तीनं फिरले, लिंबाखाली पाच-सहा पोरं लांब लांब बसवून शिकवलं. यंत्र चांगलं का वाईट हे विचारण्याआधी, ते शेवटच्या पोरीच्या हातात किती वेळ येतं हे विचारावं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती गुरुजींनी त्या संध्याकाळी शेवटी सांगितली. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात यायला लागली आहे. त्या शाळेत मोठे पडदे आहेत. पालक तिकडं बघतात. "पडदा काढला तर पट घसरेल. पट घसरला तर एक शिक्षक कमी होईल, पुढं शाळाच राहील का नाही माहीत नाही. मग मी हा पडदा पोरांसाठी चालवतोय का पालकांना दाखवायला, आबा?"

याला सोपं उत्तर नाही. शाळाच राहिली नाही तर चांगलं शिकवणार कुणाला? आणि नुसतं दाखवायचंच असेल तर शाळा कशाला, घरोघरी फोन आहेत की. पोराचं लक्ष ओढायला जगात पुष्कळ लोक टपलेत. रंग, गाणी, खेळ यांत मास्तरानं त्यांच्याशी शर्यत लावली तर मास्तर हरणारच. मला वाटतं, मास्तरानं लक्ष घ्यावं ते उसनं म्हणून घ्यावं. तास संपायच्या आत ते पोराला परत करावं. पोराला स्वतःच्या मनानं एका गोष्टीकडं बघत बसता आलं पाहिजे, मग ते गणित असो नाहीतर मुंगी.

गुरुजींनी आता आपल्यापुरती रीत बसवली आहे. पडदा थोडा वेळच. चित्रफीत अर्ध्यात थांबवायची आणि पुढं काय होईल ते पोरांकडनं वदवून घ्यायचं. नंतर हातानं करायचं, बिघडू द्यायचं. आणि संगणकावर आधी हात त्या पोराचा, ज्याच्या घरी फोन नाही.

पालक सभेत एकानं विचारलंच, "गुरुजी, एवढ्या पैशाचा पडदा आणला आणि मधीच बंद का करता?" गुरुजी माझ्याकडं बघायला लागले. मी त्या माणसाला एवढंच विचारलं, "तुझ्या बागंचं पाणी मागल्या महिन्यात कशापायी तोडलं हुतंस?" तो हसला आणि खाली बसला.