दोन बेस

नारायणगावचा एक पोरगा वरातीत ऑक्टापॅड वाजवायचा. हात तयार, पण समाधान नाही. खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पावर नोकरीला असलेल्या मामांकडे तो पैसे मागायला गेला.

"मामा, मंचरची पार्टी वाजायला लागली की कौलं हलतात. आपल्याला अजून दोन बेस पाहिजेत."

मामांना गोष्टी सांगायची हौस, पैसे मागणाऱ्याला तर हमखास.

"अमेरिकेत ह्यूस्टनला पॉलिन ऑलिव्हेरॉस नावाची एक मुलगी अकॉर्डियन वाजवायची. 1953 साली एकविसाव्या वाढदिवसाला आईनं तिला टेपरेकॉर्डर दिला. तिनं माइक खिडकीत ठेवला. टेप लावून बघते तर काय, तिथंच बसून जे तिला ऐकू आलं नव्हतं, तेही टेपवर! तेव्हापासून कान उघडे ठेवायचे, हाच तिचा रियाज. पुढं इलेक्ट्रॉनिक संगीतात तिचं मोठं नाव झालं. 1988 साली ती साथीदारांबरोबर जमिनीखालच्या एका रिकाम्या टाकीत उतरली, 14 फूट खोल. तिथं सूर 45 सेकंद घुमायचा. घाई केली की नुसता गलका. एक सूर सोडायचा आणि त्याचं काय होतंय ते ऐकायचं."

"आणि बेसचं?"

"आमच्याकडं 30 अँटेना आहेत, एकेक 45 मीटरची. त्यातली एकही आवाज करत नाही. आकाशातून येतं तेवढं घेते. भोवती डोंगर, रेडिओ लहरींचा गोंगाट कमी, म्हणून तर ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी ही जागा निवडली. तू असं कर, पुढच्या वरातीत मोबाइलवर रेकॉर्डिंग लाव. मग पैशाचं बघू."

पोरगा चिडला, पण रेकॉर्डिंग केलं. रात्री ऐकलं तर स्वतःचा ऑक्टापॅड पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठं श्वास नाही. शेजारी म्हातारबुवा हलगी वाजवत होते. गाडीला डिझेल भरायला तो थांबला, तेवढ्या दोन मिनिटांतच त्यांची हलगी ऐकू येत होती, आणि नाचणाऱ्यांच्या शिट्ट्याही नेमक्या तिथंच होत्या.

दुसऱ्या लग्नात त्यानं दोन वेळा हात मुद्दाम उचलून धरले. म्हातारबुवांनी मान वर करून पाहिलं आणि जागा भरली. बेस काही आले नाहीत. सुपाऱ्या मात्र वाढल्या.

ऑलिव्हेरॉस 2016 मध्ये गेल्या. खोडदची दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, फेब्रुवारीअखेरीस, लोकांना पाहायला मिळते. गेलात तर मोबाइल बंद ठेवा.