नकुलमातेचे शब्द

उपासक-उपासिकांनो,

या वर्षावासात विहारातील ग्रंथवाचन माझ्याकडे होते. महावग्गातील आजारी भिक्खूची कथा मी मोठ्या आवेशाने सांगितली. अतिसाराने जर्जर झालेला तो भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर निजविले. मग नियम घालून दिला : आजाऱ्याचे आचार्य, सहकारी कोणीच नसतील तर सेवा संघाने करावी, न केल्यास दोष संघाचा.

कथा सांगितली त्याच महिन्यात आजार आमच्या घरी आला.

माझ्या थोरल्या वहिनीने लोकांच्या रानात खुरपून माझी कॉलेजची फी भरली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो तिच्या हातांमुळे. तिच्या गालाच्या आत जखम झाली होती. तीन महिने तिने कुणाला सांगितले नाही. लहानपणापासून मिश्री लावायची सवय. तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड आजही आपल्या कितीतरी आयाबहिणींच्या हिरड्यांना लागते. पाचवे शील म्हणताना आपण दारूच तेवढी मोजतो, हे जाता जाता सांगतो. परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणी झाली. कॅन्सर निघाला.

तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, ‘तुमच्या आज्याने छपन्न साली देव नदीत सोडले, त्याचंच हे.’ दुसऱ्या दिवशी दादाच्या पिशवीत मला नारळ आणि लिंबे दिसली. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला माझा भाऊ देवऋषाकडे निघाला होता! मी त्याच्यावर ओरडलो. आज वाटते, ओरडायला नको होते. माणूस एकटा पडला की जुन्याच दाराशी जातो. त्याला एकटे कोणी पडू दिले? निदान झाल्याला आठ दिवस झाले होते आणि विहारातून आमच्या घरी कोणी आले नव्हते, कारण मीच लाजेने कुणाला कळविले नव्हते.

अंगुत्तर निकायात नकुलपित्याची गोष्ट आहे. तो अत्यवस्थ होता. त्याची पत्नी नकुलमाता त्याला म्हणाली की काळजी मनात धरून जाऊ नका. मी सूत कातीन, लोकर विंचरीन, मुले सांभाळीन, घर चालवीन. त्या बोलण्याने त्याचे मन निवळले आणि पुढे तो बराही झाला. बरे होणे सर्वांच्या वाट्याला येतेच असे नाही. पण नकुलमातेने त्याला आत्म्याच्या किंवा स्वर्गाच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. घर कसे चालेल ते सांगितले, आणि ते खरे होते.

शस्त्रक्रियेत वहिनीच्या जबड्याचा भाग काढला. बोलता येईना. प्रौढ वर्गात शिकलेल्या अक्षरांत तिने पाटीवर लिहिले, ‘पोरीची फी.’ दादाला काही उत्तर देता येईना. तोवर बातमी वस्तीत पोहोचली होती. महिला मंडळाच्या चौघीजणी मुंबईला भेटायला आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, ‘भरली, बाई. पावती ही बघ. पोरगी जेवते माझ्याकडं.’ वहिनीने पाटी पुसली.

आता माझे सांगतो. वहिनीला घरी आणल्यावर जखम धुवायची होती, नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायचे होते. वास येत होता. महावग्ग सांगणारा मी दारातच उभा राहिलो. शेजारच्या साठी उलटलेल्या आक्का पदर खोचून आत गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

पुढच्या सोमवारपासून शेक सुरू होणार : सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागेसाठी अर्ज केला आहे. दादाला रोजंदारी बुडवून सहाही आठवडे तिथे राहता येणार नाही. दर आठवड्याला एका माणसाने सोबत जायचे, असा पाळ्यांचा कागद विहाराच्या फळ्यावर लावला आहे. पहिला आठवडा आक्कांचा. दुसऱ्याला मी रजा टाकली आहे. जखम कशी धुवायची ते आक्कांकडून रोज संध्याकाळी शिकतो आहे. चौथा आणि पाचवा आठवडा अजून मोकळा आहे. पौर्णिमेच्या वंदनेला याल तेव्हा नाव लिहावे.

जय भीम.