दोन बोटं कमी

गेल्या गुरुवारी एक गृहस्थ म्हणाले, "महाराज, मी घरी आलो की मुलगा आत पळतो." विचारलं, त्याच्याशी शेवटचं खेळलात कधी? गप्पच बसले.

भागवताच्या दहाव्या स्कंधात यशोदा छडी घेऊन कान्ह्यामागे धावते. पण पोर भ्यालेलं दिसताच छडी टाकून देते. मग बांधायला जाते, तर दावं दर वेळी दोन बोटं कमी! शेवटी आई घामाघूम झालेली पाहून तो आपणहून बांधून घेतो.

तुम्हीही जरा घामाघूम व्हा. मोबाइल बाजूला ठेवून लपाछपी खेळा. पडद्याखाली पाय दिसले तरी दिसलेच नाहीत, असं शोधत राहा. जपाला थोडा उशीर झाला तर मी रागावणार नाही. पोरगं "अजून एकदा" म्हणालं, तर अजून एकदा.