बाण करणारा गुरू आणि हातातला फोन

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. त्यांत एक बाण करणारा आहे. बाण सरळ करण्यात तो इतका गढला की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, तरी त्याला पत्ता नाही.

कोणी म्हणेल, आमचंही तसंच की! फोन बघताना दारातून कोण गेलं ते कळत नाही. पण मेख इथेच आहे. त्याचे मन एका ठिकाणी होते. आपले मन बोटाबरोबर सरकते; घरात नसते आणि फोनातही ठरत नाही. अवधूतांनी पतंगालाही गुरू केले, तो दिव्याला भुलतो म्हणून. आपण स्वतःला बाण करणारा समजतो, असतो पतंग.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. बँकेत असताना नोटा मोजताना लक्ष हलले, तर गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. निवृत्त झालो, फोन हाती आला आणि ती सवय मोडली.

मागच्या श्रावणात वेल्ह्याहून अक्का आली, नसरापूरला एसटी बदलून भोरला. तासभर बसली. मी फोनात. "येते रे," म्हणाली. मान वर न करता मी "हूं" केले. रात्री हिने विचारले, "अक्का काय सांगत होत्या?" मला एक शब्द आठवेना. फोन लावला, तर अक्का म्हणाली, "राहू दे रे, तू कामात होतास."

पंधरा दिवसांनी कळले. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, सोबत कोणी हवे होते. शेजारच्या मुलाला घेऊन ती जाऊन आली. डोळा बरा आहे. पण ते 'कामात' अजून टोचते.

फोन टाकून द्या असे मी म्हणत नाही. पेन्शन जमा झाल्याचे त्यावरच कळते, नातवाचे तोंडही त्यातच दिसते. पण आमच्या घरी आता सांजवातीपासून जेवण होईपर्यंत फोन कपाटात असतो. पहिले आठ दिवस हात सारखा खिशाकडे जायचा. आता ही बोलते, मी ऐकतो.

दत्तमहाराज झोळी घेऊन कोणत्या रूपात दारी येतील, सांगता येत नाही. अक्का त्या दिवशी भिक्षाच मागायला आली होती, घटकाभर लक्षाची. मी घरात असून तिला रिकाम्या हाती लावले. या दत्तजयंतीला महाराजांकडे एवढेच मागणे आहे, की पुढची हाक मला ऐकू येवो.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥