लेकरांच्या चालीने
(शास्त्रपाठ : उत्पत्ति ३३:१२–१४)



याकोब पुष्कळ वर्षांनी आपल्या देशी परत चालला होता. बायका, लेकरे, मेंढरे व गुरे असा सारा संसार त्याच्याबरोबर वाटेवर होता. ज्या भावाच्या रागाला भिऊन तो एके काळी पळाला, तो एसाव चारशे माणसांनिशी सामोरा आला, गळ्यात पडून रडला, आणि आता आपण मिळून पुढे जाऊ असे म्हणू लागला. तेव्हा याकोबाने नम्रपणे उत्तर दिले की, माझी लेकरे कोवळी आहेत. कळपातील माद्यांना पाजती पिले आहेत. एक दिवस जरी त्यांस बळेच हाकले तरी सारे मरतील. यास्तव स्वामींनी पुढे व्हावे. आम्ही लेकरांना जेवढे चालवेल तेवढे चालत मागून येऊ.

याकोबाचे सर्वच वर्तन अनुकरणीय होते असे नाही. एकाच मुलावर अधिक माया करून त्याने पुढे आपल्या घरात किती दुःख ओढवून घेतले, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु या एका प्रसंगी त्याने जे ओळखले, ते ओळखण्यास आम्हां पाळकांस, शिक्षकांस व आईबापांस अनेकदा उशीर होतो. लेकराची चाल वेगळी असते. त्याच्या पायांची जशी वेगळी, तशीच त्याच्या मनाचीही.

आमच्या बीड जिल्ह्यातील वाचकांस बिऱ्हाडासह वाटेला लागणे नवे नाही. दसरा-दिवाळी सरली की बालाघाटाच्या डोंगरपट्टीतून, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांतून, ऊसतोडीला माणसे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. भांडीकुंडी व सरपण गाडीत चढते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यांकडे वाट धरली जाते. ती माणसे परततात ती पाडव्याच्या सुमारास, कधी त्याहूनही उशिरा. तोवर धाकटी लेकरे एक तर फडाच्या बांधावर साडीच्या झोळीत असतात, नाहीतर गावी आजीआजोबांपाशी.

या मागे राहिलेल्या लेकरांविषयी आम्हास आपली एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही एका लहान मंडळीत शब्बाथ शाळा घेत होतो. सुमारे पाच वर्षांचा एक मुलगा पूर्वी मोठ्या हौसेने सुवर्णवचन म्हणत असे. त्या दिवशी मात्र काही केल्या त्याच्या तोंडून शब्द निघेना. आम्ही त्यास उभे केले. इतर मुले कशी धडाधड म्हणतात ते दाखविले. तो हट्टी झाला आहे, असेही सर्वांदेखत बोललो. तो रडला नाही. खाली मान घालून उभा राहिला, आणि आम्हास वाटले की त्यास शिस्त लागली. उपासना आटोपल्यावर त्याची आजी आम्हापाशी आली व हळूच म्हणाली, “पाळकसाहेब, लेकरू हट्टी नाही. त्याचे मायबाप तीन दिसांमागं रातीच निघून गेले, त्याला झोपंत ठेवून. सकाळी उठलं तर घर रिकामं. तवापासून उंबरा सोडीत नाही.”

आम्ही त्या दिवशी प्रभूच्या प्रेमाचे वचन शिकवीत होतो!

बंधुजनहो, झोपेत सोडून जाणारे ते आईबाप निर्दय नव्हते. लेकरू रडेल, आपल्यासही पाऊल उचलवणार नाही, म्हणून त्यांनी तसे केले. परंतु लेकराच्या ठायी त्याचा अर्थ निराळा होतो. आपण झोपलो की माणसे नाहीशी होतात, एवढेच ते शिकते. आणि मग त्याचे सारे चित्त पहारा देण्यात खर्ची पडते. उंबऱ्यावर पहारा करणारे मन सुवर्णवचन कोठे ठेवील? अक्षर, आकडा, गाणे, प्रार्थना हे सर्व ज्या मनात साठवावयाचे, तेच मन भयाने व्यापलेले असते. म्हणून भावना एकीकडे आणि विद्या दुसरीकडे, अशी जी वाटणी आपण करतो ती खरी नव्हे. भयभीत लेकराचे लक्ष एका जागी टिकत नाही, ऐकलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. आणि निर्भय झाले की तेच लेकरू आपण होऊन प्रश्न विचारू लागते.

गप्प बसलेल्या लेकरास शहाणे समजण्याची चूक एकट्या आमचीच नव्हे. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनमध्ये अडीच वर्षांच्या आतील एका मुलीचे चित्रण केले. ती आठ दिवस इस्पितळात होती, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे आईस तिच्याजवळ राहू दिले जात नसे. ती फारशी रडली नाही. म्हणून ती रुळली, असे वरवर पाहणाऱ्यास वाटले असते. परंतु चित्रणात तिचे आतल्या आत कोमेजणे स्पष्ट दिसले. पुष्कळ डॉक्टरांस प्रथम हे मान्य नव्हते. तरी पुढे १९५९ साली इंग्लंडातील एका सरकारी समितीने आजारी मुलांस भेटण्यास आईबापांना मोकळीक असावी अशी शिफारस केली. आपल्या शाळांतून व घरांतून शांतता दिसली म्हणजे आपण समाधान पावतो; ती शांती आहे की निराशा, हे ओळखण्यास मात्र जवळ बसावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही ही गोष्ट ओळखणारी माणसे होऊन गेली. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, आणि १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी खेड्यातील गरिबांच्या मुलांसाठी काम आरंभिले. तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ती आळशी आहेत असे त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांची मुले गुरे राखण्यास जात, तर शाळा कुरणात गेली. मुलास न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, गाणे म्हणणे, आणि मग शिकविणे, असा तो क्रम होता. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द गावोगावी पोहोचला. आज आपल्या गावातील सेविकाताई ज्या खोलीत बसतात, तिच्या पाठीशी हा इतिहास आहे. तेथे केवळ खाऊ मिळतो असे म्हणून तिला हलकी लेखू नये. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद आहे. म्हणजे ज्या वयास आपण ‘अजून काही कळत नाही’ म्हणतो, तेच वय पाया घालण्याचे होय.

तर मग आपण काय करावे?

प्रथम, जाणाऱ्या आईबापांस आमची विनंती आहे : चोरून जाऊ नका. दिवसाउजेडी, लेकरास जवळ घेऊन सांगा की आम्ही कामास जातो, तू आजीपाशी राहशील, आणि पाडव्याच्या सुमारास आम्ही येऊ. ते रडेल, रडू द्या. खऱ्या निरोपाचे रडणे ओसरते, फसवणुकीचे भय मागे राहते. हन्नेची गोष्ट आठवा. शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत ती शिलोस गेली नाही. घाई केली नाही. आणि त्यास मंदिरात ठेवल्यावरही ती दरवर्षी ठरल्या वेळी आपल्या हातचा लहानसा झगा घेऊन त्याच्याकडे जात असे. दूर असलेल्या आईचे प्रेम मुलाच्या अंगास लागेल अशी ती व्यवस्था होती. आज तुमचा सायंकाळचा ठरल्या वेळचा फोन हाच तो झगा होय. आईचे एक जुने लुगडे उशाशी राहिले, तर तेही थोडे नव्हे.

दुसरे, आजीआजोबांस : लेकरू अंथरूण ओले करू लागले, चिडू लागले, पुन्हा बोबडे बोलू लागले, तर त्यास मारू नका, हिणवू नका. ‘माय आठवते ना रे’ एवढे म्हणून जवळ घ्या. ज्या दुःखास नाव मिळते ते लेकरास थोडे कमी भिववते.

तिसरे, शिकविणाऱ्यांस, आणि त्यांत आम्ही स्वतःही आलो : लेकरू दारात येताच प्रथम त्याचे तोंड पाहावे, वही मागून पाहावी. नावाने हाक मारावी, नेहमीच्या गाण्याने आरंभ करावा, त्याची जागा व आपला शब्द बदलू नये. रोज तेच घडते असे दिसले म्हणजे उद्याविषयीचा त्याचा विश्वास परत येतो. मार्काच्या दहाव्या अध्यायात शिष्यांनी लेकरे आणणारांस दटाविले. प्रभूने मात्र त्यांस कवेत घेतले. तेथे प्रभूने त्यांची परीक्षा घेतल्याचे लिहिलेले नाही.

चौथे, मंडळीस. कोणी म्हणेल, पोट मागे लागले असता लेकराच्या चालीने चालणे कोणास परवडते? हा प्रश्न खरा आहे. याकोबापाशी कळप होते. आमच्या कोयत्यापाशी उचलीचे ओझे आहे. म्हणूनच हा भार एकट्या आईबापांवर टाकून उपदेश करणे आम्हास शोभत नाही. ज्या घरांतून माणसे गेली, तेथे हंगामभर आठवड्यातून एकदा तरी मंडळीतील कोणी जावे. आजी आजारी पडली तर अंगणवाडीपर्यंत लेकरू पोहोचविणारा कोणी ठरलेला असावा. आणि जे लेकरू फडावर गेले, त्याच्या आईबापांपाशी रोज रात्री कोपीत म्हणावयाचे एक गीत द्यावे, म्हणजे गाव सुटले तरी लेकराची संध्याकाळ तीच राहील.

त्या मुलाविषयी सांगून संपवितो. पुढल्या वर्षी त्याच्या आईने दिवसाउजेडी निरोप घेतला. तो सारी संध्याकाळ रडला. रविवारी शाळेत आला तोही आजीचा पदर धरूनच. आम्ही त्यास काही विचारले नाही. आजीसह आपल्याजवळ बसू दिले. दुसऱ्या रविवारी पदर सुटला. चौथ्या रविवारी इतर मुले सुवर्णवचन म्हणत असता एक बारीक आवाज त्यांत मिसळला. अर्धेच वचन होते, आणि आम्हास उरलेल्या अर्ध्याची घाई नव्हती.

होशेय संदेष्टा सांगतो की देवाने आपल्या लोकांस हात धरून चालावयास शिकविले. आम्ही जे आज चालतो, ते त्याने आमच्या चालीने चालणे पत्करले म्हणून. तोच धीर तो आम्हास आमच्या लेकरांसाठी देवो. आमेन.