पाण्यात हरवलेली अंगठी

वाचावयाचा शास्त्रभाग : २ राजे ६ : १–७



अलीशा संदेष्ट्याचे शिष्य यार्देन नदीच्या काठी लाकडे तोडीत असता एकाच्या कुऱ्हाडीचे पाते निसटून पाण्यात पडले, ही कथा आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. तो मनुष्य कळवळला, कारण कुऱ्हाड त्याची स्वतःची नसून दुसऱ्याकडून मागून आणलेली होती. उसने अवजार हरवून मालकाच्या दारी रित्या हाताने जाण्याचा प्रसंग ज्याने भोगला आहे, त्यास त्या कळवळ्याचा अर्थ सांगावयास नको. लोखंड पाण्यावर तरंगले हा चमत्कार आपण शब्बाथशाळेत मुलांस मोठ्या हौसेने सांगतो. परंतु त्याआधी देवाच्या माणसाने एक अगदी साधी गोष्ट विचारली, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पाते कोणत्या जागी पडले, एवढेच त्याने विचारले, आणि त्या मनुष्याने ती जागा दाखविली. दांडा नीट का ठोकला नाहीस, असा जाब अलीशाने घेतल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

आजही समुद्रात व सरोवरात हरवलेल्या अंगठ्या शोधून देणारे लोक आहेत. कॅनडा देशातील व्हँकूवर शहरी सुरू झालेली ‘द रिंग फाइंडर्स’ नावाची अशा शोधकांची एक नामावलीच आहे. त्यांतील पुष्कळ जण प्रवासखर्चापुरते मागतात आणि बक्षीस देणे मालकाच्या इच्छेवर सोपवितात. थंड पाण्यात बोटे आखडून बारीक होतात, अंगाला लावलेल्या तेलाने ती निसरडीही होतात, आणि लग्नाची अंगठी केव्हा गळाली हे पोहणाऱ्यास कळतही नाही. शुद्ध सोने पाण्याहून १९ पटींहून अधिक जड असते. लाटा वाळू हलवीत असता ते मऊ वाळूतून खाली खाली जाते, व चिकणमातीचा किंवा शिंपल्यांचा कठीण थर लागला म्हणजे तेथे थांबते.

शोधकाच्या हाती धातुशोधक यंत्र असते. त्याच्या टोकास तारेचे वेटोळे असून त्यातून विजेचा प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातू आला म्हणजे धातूतही क्षीण प्रवाह खेळू लागतो, आणि यंत्र ते ओळखून कानात नाद करते. समुद्राचे खारे पाणी स्वतःच विजेचे वाहक असल्याने साधे यंत्र तेथे गोंधळते. म्हणून समुद्राकरिता दुसऱ्या प्रकारचे यंत्र वापरतात. ते प्रवाहाचा एक झटका देऊन क्षणभर थांबते; पाण्याचे उत्तर लवकर विरून जाते, धातूचे मागे रेंगाळते, आणि यंत्र तेवढेच ऐकते. आमच्याकडील झारेकरी सराफाच्या दारची धूळ धुऊन सोन्याचे कण काढतात, त्यांस हे यंत्र पाहून नवल वाटेल. पण त्यांच्या सोशिकपणापुढे यंत्राचे नवल आम्हांस थोडेच वाटते.

एवढे यंत्र हाती असूनही शोधकाचा पहिला प्रश्न अलीशाचाच असतो. आणि येथेच खरी अडचण पडते. पाण्याची ओढ पोहणाऱ्यास नकळत बाजूला नेते, व तो काठावर येऊन जी जागा दाखवितो ती पुष्कळदा पाण्यातून बाहेर पडल्याची असते, अंगठी गळाल्याची नसते. म्हणून शोधक पुनःपुन्हा विचारतो : उतरला कोठून? पाणी कोठवर होते? शेवटी बोटावर अंगठी केव्हा पाहिली?

जागा आधीच ठरवून टाकल्याने काय होते, याचा एक दुःखद दाखला आहे. इ. स. १८८१ च्या जुलै महिन्याच्या २ तारखेस अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली. ती शरीरात कोठे आहे हे पाहण्यासाठी टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र आणले. परंतु डॉ. ब्लिस यांची खातरी होती की गोळी उजव्या बाजूस आहे, आणि त्यांनी तेवढीच बाजू तपासू दिली. बिछान्यातील पोलादी तारांनीही यंत्रास चकविले. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवपरीक्षेत गोळी पाठीच्या कण्याच्या डाव्या अंगास सापडली.

उपदेशक बंधूंनो, आणि बायबल-बायांनो, आपल्या मंडळीतील एखादे कुटुंब उपासनेस येईनासे होते, तेव्हा आपण काय करितो? त्यांची श्रद्धा ढिली झाली असे ठरवून उजवी बाजूच तपासतो. ते म्हणतात, शेतीचे काम होते, घरी पाहुणे होते. ती बहुधा पाण्यातून बाहेर पडल्याची जागा असते. पडल्याची जागा आणखी आत असते. प्रभुभोजनाच्या प्याल्यापाशी कोणी त्यांची जुनी जात आठवून मागे सरला असेल. त्यांचे लेकरू वारले त्या दिवशी आपल्यापैकी कोणीही दारी गेले नसेल. हे त्यांच्या तोंडून ऐकावयास पुष्कळ बैठका लागतात, आणि ऐकताना जाब घेण्याचा मोह आवरावा लागतो. कित्येकदा बोट आपल्याकडेच वळते, म्हणूनही आपण विचारीत नसू.

आणखी एक गोष्ट. पेयाच्या डब्याचे तोंड उघडावयाची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा नाद यंत्रात पुष्कळदा सारखाच येतो. कचऱ्याचा नाद कानी येऊच नये अशी सोय काही यंत्रांत असते. पण जो कडीचा नाद बंद करितो, तो अंगठीचाही करून बसतो. म्हणून जाणता शोधक गळ्याभर पाण्यात उभा राहून प्रत्येक नाद खणतो. बाटलीची झाकणे निघतात, मासेमारीच्या जाळ्याचे शिसे निघते, कड्यांवर कड्या निघतात. तो त्या पिशवीत टाकतो व पुढे सरतो. एका गावच्या पाच घरांतून आपण काही न मिळता परत येतो व सहाव्याच्या अंगणात पाय टाकण्याआधीच ते कसे निघेल हे सांगू लागतो, तेव्हा आपण नेमका तो नाद बंद करीत असतो.

अंगठी फावड्यात आली म्हणजे काही शोधक ती स्वतः उचलीत नाहीत. वाळू व शिंपल्यांसकट फावडे तसेच मालकापुढे धरतात. अलीशानेही वर आलेल्या पात्यास हात लाविला नाही. ज्याचे पडले होते त्यालाच त्याने घ्यावयास सांगितले, आणि त्याने हात पुढे करून ते घेतले.