गोळी बंद करू नकोस

धुळे

चि. बाळास,


तुझ्या आईचा फोन आला होता. तू पुन्हा केळीच्या बागेत जायला लागलास, हे ऐकून जीव निवला. पण चैत्रात गावकऱ्यांबरोबर वणीला देवीच्या दर्शनाला पायी जायचं आणि ठेच लागून रक्त वाहू नये म्हणून तेवढे दिवस गोळी बंद ठेवायची, असं तू ठरवलंयस म्हणे. म्हणून तातडीने लिहिते आहे.

अॅसिट्रोम, म्हणजे तुझी रक्त पातळ ठेवणारी गोळी, एक दिवसही स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. लहानपणीच्या सांधे सुजवणाऱ्या तापाने तुझ्या हृदयाची मायट्रल झडप खाल्ली, तिच्या जागी मेटलचा व्हॉल्व्ह बसवला. तो टिकेल आयुष्यभर, पण रक्ताला परकाच. रक्त त्याच्यावर गुठळी धरू पाहतं. ती सुटून मेंदूत अडकली की लकवा. मायट्रलच्या जागी रक्ताचा वेग कमी, म्हणून तिथे भीती जास्त, आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट. असा व्हॉल्व्ह असून गोळी न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण ४ जणांना वर्षभरात मोठी गुठळी गाठते. गोळी घेणाऱ्यांत साधारण एकाला. ठेचेचं रक्त दाबून धरलं की थांबतं रे.

रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्यांचं कोणी सुचवलं, तर ऐकू नकोस. त्यातल्या डॅबिगाट्रानची मेटलच्या व्हॉल्व्हवाल्यांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. लकवे वाढले आणि रक्तस्रावही. तुझा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, साधारण २.५ ते ३.५ मध्ये हवा. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेला आकडा तोच खरा. एखादी गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवताच घे, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस.

मेथी, पालक, भरतातली कांद्याची पात, सगळं खा. फक्त एका आठवड्यात जुडीच्या जुडी आणि पुढच्या आठवड्यात काहीच नाही, असं नको. त्याने आकडा हलतो. कडक उपासानेही हलतो. अंग दुखलं म्हणून मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणू नकोस, झाडपाल्याचं औषध तर नकोच. दात काढायचा असेल तर आधी व्हॉल्व्ह आहे हे सांग, जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून औषध घ्यावं लागतं.

आता हे सूनबाईला वाचून दाखव. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं बोबडं झालं, तर लगेच १०८ ला फोन. ते पाच मिनिटांत आपोआप बरं झालं तरीसुद्धा. कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचं नाही, अॅस्पिरिन द्यायची नाही, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे न्यायचं नाही. आपल्याकडे यातच सगळा दिवस जातो, आणि मला त्याचा फार संताप येतो. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्त पातळ असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बहुधा देता येत नाही, पण मोठ्या ठिकाणी तारेने गुठळी ओढून काढतात. तिथे पोचायलाही वेळ हाताशी असावा लागतो. तू शेवटचा चांगला कधी होतास आणि गोळी कधी घेतलीस, ते तिने सांगावं.

वणीला यंदा पायी नको. नांदुरीवरून गडापर्यंत एसटीने जा, तिथून वर मंदिरापर्यंत ट्रॉली आहे. निघण्याआधी पीटी-आयएनआर करून घे आणि रिपोर्ट आला की आकडा मला फोनवर सांग.

तुझी,
मावशी